बूटकाका

रात्री अकराला बेल वाजली तेव्हा मी बनियनवर होतो. दारात वरच्या मजल्यावरचे काका. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात पोट उघडलेला काळा डबा आणि दातांत तीन वायरी.

"रिकामा आहेस ना?" वायरी न काढताच त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जिना चढायला लागले. मी तसाच मागोमाग गेलो. पुढचा पाऊण तास मी त्यांच्या डायनिंग टेबलाशी ओणवा होऊन लॅपटॉपला जोडलेल्या तीन वायरींची टोकं डब्यातल्या सर्किट बोर्डावरच्या तीन भोकांत धरून उभा होतो. वायरी सोल्डर केल्या असत्या तर माझी गरज नव्हती. पण मागच्या वर्षी याच टेबलाच्या सनमायकाला भोक पडलं होतं, आणि तेव्हापासून सोल्डरिंग आयर्न काकूंच्या कपाटात दागिन्यांशेजारी असतं.

"काळी कोपऱ्यात. पांढरी इकडे, हिरवी तिकडे. हलू नकोस," काका म्हणाले. "याचं बोलणं त्याच्या कानात गेलं पाहिजे, म्हणून उलटसुलट जोडायच्या. तोंडाला तोंड जोडलं तर ऐकणार कोण?"

"सोसायटीच्या मीटिंगसारखं," मी म्हणालो. काका हसले नाहीत. ते सेक्रेटरी आहेत.

चौथी लाल वायर होती, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. ती ५ व्होल्टची, आणि बोर्डाचा कारभार ३.३ व्होल्टवर. लाल चुकून टेकली तर डब्याचे दहावे-तेरावेच घालायचे. मी लालकडे न बघता काळी घट्ट धरली.

डबा माझाच होता. घरात एका कोपऱ्यात ठेवायचा, हार्ड डिस्क जोडायची, की फोटो, गाणी, सिनेमे घरातल्या सगळ्यांना आपापल्या फोनवर दिसतात, अशा कामाचा. इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याला नॅस म्हणतात. काकू नास म्हणतात. दूध नासतं तसा नास. उच्चार सुधारायला त्या तयार नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. कंपनीने त्या डब्यासाठी नवं सॉफ्टवेअर देणं थांबवलं होतं, म्हणून तो खणात पडून होता. जिन्यात बोलता बोलता मी ते काकांना सांगितलं. आयुष्यात माणसाकडून काही वाक्यं निसटून जातात, त्यातलं ते एक.

काका पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्तीनंतर त्यांच्या वयाची माणसं सकाळी टेकडीवर जातात किंवा नर्मदा परिक्रमा करतात. काका छोट्या डब्यांत लिनक्स घालतात. "आज बूट होत नाहीये" हे वाक्य त्यांच्या तोंडी इतक्या वेळा येतं की खालची मुलं त्यांना बूटकाका म्हणायला लागली. नवा वॉचमन एकदा चपलेचा अंगठा शिवून मिळेल का म्हणून त्यांच्याकडे गेला होता. काकांनी तो शिवून दिला, हे विशेष.

त्या रात्री काकूंनी साधाच प्रश्न विचारला. "यात आधी काय होतं?"

"लिनक्स."

"आणि तुम्ही काय घालताय?"

"लिनक्स."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी वायरींकडे पाहिलं.

काकांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. असे बहुतेक डबे कारखान्यातून येतात तेच मुळी लिनक्सवर. पण ते कंपनीचं लिनक्स, म्हणजे भाड्याचं घर. भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही, गळती लागली तर मालक फोन उचलत नाही. त्याजागी डेबियन नावाचं लिनक्स घातलं की घर आपलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी येतात, हवा तो प्रोग्रॅम टाकता येतो. "आणि गळती लागली तर?" काकूंनी विचारलं. "ती पण आपली," काका अभिमानाने म्हणाले.

काकांच्या लेखी या पंथाची स्थापना २००४ साली झाली. त्या वर्षी लिंकसिसने एनएसएलयू-२ नावाचा चिमुकला डबा काढला. ३२ एमबी मेमरी, ८ एमबी फ्लॅश, आणि २६६ मेगाहर्ट्झची चिप मुद्दाम १३३ वर चालवलेली. लोकांनी त्याचं नाव ठेवलं स्लग, म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. आतला एक रेझिस्टर उपटला की गोगलगाय दुप्पट वेगाने धावते, हे कुणीतरी शोधून काढलं आणि जगभरची शहाणीसुरती माणसं चिमटे घेऊन बसली. काकांनी आपली गोगलगाय लॅमिंग्टन रोडवरून आणली होती. आता ती चालत नाही. देव्हाऱ्याखालच्या खणात असते, आणि खंडेनवमीला पाना-पक्कडीबरोबर तिलाही झेंडूचं फूल मिळतं.

तर, त्या रात्रीचा सगळा खेळ तीन सेकंदांचा. डब्याला वीज दिली की आधी जागा होतो यू-बूट नावाचा छोटा प्रोग्रॅम. तो लिनक्सला हाक मारायच्या आधी थोडा थांबतो, पडद्यावर तीन, दोन, एक असे आकडे मोजतो. तेवढ्यात कुठलीही कळ दाबली तर डबा तुमच्या ताब्यात. नाही दाबली तर तो आपल्या जुन्या वाटेने चालू लागतो आणि वीज काढून पुन्हा पहिल्यापासून. काकांचं सगळं आयुष्य या तीन सेकंदांसाठी घडवल्यासारखं वाटतं. स्विच चालू केला की ते खुर्चीच्या कडेवर येतात, डावा हात टेबलाला टेकतात आणि उजव्याचा अंगठा स्पेसबारवर तरंगत ठेवतात. पहिल्या खेपेला माझा हात हलला. दुसऱ्या खेपेला काका शिंकले. तिसऱ्या खेपेला पडद्यावर तीनचा आकडा उमटला आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "सकाळी पोहे करू का उपमा?"

"पोहे!" काका ओरडले. तोवर शून्य झालं होतं.

चौथ्यांदा सापडला. काकांनी नवीन कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत घेतलं, सुरू हो म्हणून सांगितलं आणि डब्याने उत्तर दिलं: बॅड मॅजिक नंबर. यू-बूटला हवी तशी बांधलेली कर्नलची जी फाइल असते, तिच्या कपाळावर २७०५१९५६ हा आकडा कोरलेला असावा लागतो. तो दिसला नाही तर यू-बूट दारातूनच परत पाठवतो. "आकडा लागला नाही," काका कपाळाला हात लावून म्हणाले. हे वाक्य ते पुढे तीन दिवस जिन्यात येता-जाता म्हणत होते. तळमजल्यावरच्या आजोबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कल्याण का मेन?"

त्या रात्रीचा शेवट मात्र आकड्याने झाला नाही. डब्याच्या कायमच्या मेमरीत, म्हणजे फ्लॅशमध्ये, कप्पे असतात. शून्य नंबरच्या कप्प्यात यू-बूट, एक नंबरमध्ये कर्नल. दीड वाजता काकांनी एक पुसायचा तो शून्य पुसला आणि डबा बंद करून पुन्हा चालू केला. पडद्यावर काहीच आलं नाही. दिवासुद्धा लागला नाही. काकांनी डब्यावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाले, "जा तू. झोप."

माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे की अशा वेळी माणसं रागावतात, कंपनीला शिव्या देतात, नाहीतर शेजाऱ्याचा हात हलला असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले ते पोह्यांची बशी घेऊन. चेहऱ्यावर तुकतुकी. बरीच वर्षं लांबलेला आजार एकदाचा डॉक्टरला सापडावा तशी. "मेलेला नाही तो!" ते म्हणाले. "नुसता बेशुद्ध आहे."

आत मार्व्हेलची किर्कवूड चिप होती, आणि त्या चिपच्या पोटातच एक इवलासा प्रोग्रॅम कोरलेला असतो. तो काकांनाही पुसता येत नाही. वीज दिल्या दिल्या वायरीतून त्याच्या कानात ठरावीक खूण पुन्हा पुन्हा सांगत राहायची. ती त्याला ऐकू आली तर तो नवं यू-बूट त्याच वायरीतून ओढून घेतो. अर्धा एमबीचं ते, पण त्या वेगाने यायला मिनिटभर लागतं. काका याला बारसं म्हणतात. कानात कुर्रर्र करायचं आणि नाव घ्यायचं. बारशाला मी पुन्हा वायरी धरून होतो, या वेळी शर्ट घालून. टक्के चढत गेले, शंभर झाले, पडद्यावर यू-बूटचं नाव उमटलं, आणि काकूंनी आतून खरोखर घुगऱ्या आणल्या. त्यांनी त्या सकाळीच भिजत घातल्या होत्या असं मला नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात डेबियन बसलं. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या सिनेमातल्या खेळण्यांची नावं असतात. काकांनी फोनवर कुणालातरी सांगितलं, "आता घरात बुकवर्म आहे," आणि काकूंनी पुस्तकांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या.

मग सदाचं प्रकरण. लिनक्समध्ये पहिल्या सापडलेल्या डिस्कला एसडीए म्हणतात, दुसरीला एसडीबी. काकांच्या घरात पहिली सदा आणि दुसरी सदाचा भाऊ. डबा सुरू होताना त्याला सांगून ठेवलं होतं की तुझं बिऱ्हाड सदावर आहे. पण मी फोटोंची दुसरी डिस्क जोडली आणि एका सकाळी ती आधी जागी झाली. आधी जागा होईल तो सदा. डबा भावाच्या घरात शिरला, तिथे नुसते माझे फोटो, अंथरूण-पांघरूण काही नाही. घाबरून तिथेच बसला. पंगतीत पाटावरून माणूस ओळखू नये, कुंडलीवरून ओळखावा. डिस्कलाही यूयूआयडी नावाचा लांबलचक आकडा असतो, तो पाट बदलला तरी बदलत नाही. काकांना हे २००६ पासून माहीत होतं. तरी त्यांनी सदा लिहिलं होतं. का, असं विचारल्यावर म्हणाले, "वाचायला बरं वाटतं."

या सगळ्या काळात माझे १४,००० फोटो सुरक्षित होते. फक्त दिसत नव्हते.

खरी गंमत गुरुवारची. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. डब्यात घड्याळाला बॅटरी नाही, त्यामुळे वीज आली की त्याला काळाचं भान नसतं. तो १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री जागा होतो, ग्रीनिचच्या. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. काकांची त्या वर्षी मुंज झाली होती. डिस्क तपासताना डब्याला दिसतं की हिच्यावर शेवटचं लिहिलं गेलं आहे ते पन्नासहून जास्त वर्षं पुढे, भविष्यात. तो बिचकतो. आणि अंगात शहाणपण असलेल्या कुठल्याही नोकराप्रमाणे पुढे न जाता विचारतो: मालकाचा पासवर्ड सांगा, मग दुरुस्ती करू. हे तो ज्या पडद्यावर विचारतो तो पडदा नाही, आणि उत्तर ज्या कीबोर्डावर द्यायचं तो कीबोर्ड नाही. दिवसभर तो अंधारात तोच प्रश्न मनाशी घोळवत बसलेला. बाहेरून बघणाऱ्याला फक्त एक नारिंगी दिवा.

काका त्या दिव्यावर दोन बोटं ठेवतात. दिव्याला नाडी नसते हे त्यांनाही ठाऊक आहे.

त्यावर उपाय केला. बंद होताना वेळ लिहून ठेवायची, उठल्यावर निदान तिथून मोजायचं. भिंतीतला अडॅप्टरही बदलला, कारण दोन्ही डिस्क एकदम फिरायला लागल्या की जुन्याची दमछाक व्हायची. तो बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळाला. मग डबा चालू लागला. नुसता चालू लागला. एक महिना, दोन महिने. मी सोफ्यावर लोळून मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो पाहिले. काकू न्यू जर्सीच्या नातवाचे व्हिडिओ त्यातच ठेवायला लागल्या आणि चक्क नॅस म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. रोज सकाळी लॅपटॉपवरून डब्यात डोकवायचे, शेवटचा बिघाड होऊन किती दिवस झाले ते मोजायचे आणि झाकण लावायचे. १४० दिवस. १७०. जिन्यात भेटले तर नुसतं "हं." एकदा म्हणाले, "काही होतच नाही रे." टेकडीवर जायला लागले होते. काकूंनी मला विचारलं, "तुझ्याकडे आणखी एखादा नाही का, बंद पडलेला?" कपाटातून त्यांनी सोल्डरिंग आयर्नसुद्धा काढून दिलं होतं. ते तसंच टेबलावर पडून होतं.

काल गुरुवार. दिवसभर गेलेली वीज रात्री पावणेअकराला आली. पंखा फिरायला लागला, बायको कूस बदलून झोपली. आमच्या इमारतीचा स्लॅब जुना आहे, वरचं सगळं खाली ऐकू येतं. मी छताकडे बघत पडलो. आधी तीन सेकंद यू-बूटची. मग कर्नल. विसाव्या सेकंदाला सदा फिरायला लागतो, बारीक कुरकुर होते, मग त्याचा भाऊ. मी मोजत होतो. वीस झाले. तीस. पन्नास झाले तरी वर शांतता होती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि चपला.

मी उठून शर्ट घातला.