ट्रेडवेअर ४२०

गाडीला नवे टायर घातले असं सांगितलं की मुलुंडमध्ये दोनच प्रश्न येतात. पहिला, "कितीला पडले?" आणि दुसरा, "किती चालतील?" ओल्या रस्त्यावर थांबतील का, हे कोणी विचारत नाही. वर्षातले चार महिने पाऊस आपल्याला झोडपतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, त्या दिवसाच्या आठवणी आपण अजून एकमेकांना सांगतो. तरीही उपनगरातला माणूस टायर असे घेतो की पुढचं आयुष्य त्याला जैसलमेरलाच काढायचंय.

मी या बाबतीत अस्सल मुलुंडकर. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या स्विफ्टचे टायर गुळगुळीत झाले. टायरच्या खाचांमध्ये तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. झीज होत होत खाच १.६ मिलिमीटर उरली की ते वरच्या रबराला समपातळीत येतात आणि टायर बदलायची वेळ झाल्याचं कळतं. आमच्या गाडीवर उंचवटा कुठला आणि टायर कुठला, हे ओळखण्याची सोय राहिली नव्हती. मग 'जरा बाजार बघून' घ्यावेत म्हणून मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो. त्या रस्त्यावर गाडीचा कुठलाही भाग मिळतो. गाडी फार वेळ उभी केली तर आपलाही मिळेल, अशी मला कायम धास्ती असते.

"इंडियन पाहिजे का इम्पोर्टेड?" दुकानदारानं विचारलं.

"इम्पोर्टेड महाग असतील."

"नाही साहेब, तेच स्वस्त."

माझ्या पिढीला हे वाक्य पचायला वेळ लागतो. आमच्या लहानपणी इम्पोर्टेड म्हणजे दुबईच्या मामानं आणलेली वस्तू, आणि ती शोकेसमधून बाहेर निघत नसे. आता साक्षात इम्पोर्टेड टायर, चारांमागे साडेतीन हजार रुपये कमी देऊन! टायरवरचं नाव जर्मन वाटत होतं. खाली बारीक अक्षरांत 'मेड इन चायना' होतं, पण त्यासाठी चष्मा काढून वाकावं लागलं असतं आणि साडेतीन हजार वाचत असताना वाकण्याची मला गरज वाटली नाही.

मोठी अक्षरं मात्र मी मन लावून वाचली. १६५/८० आर १४ ८५ टी. हा 'टी' म्हणजे टायर ताशी १९० किलोमीटर वेग सोसतो. एलबीएस मार्गावर तेव्हा मेट्रो ४ चे पत्रे लागलेले होते आणि त्या पत्र्यांच्या कडेनं मी दुसऱ्या गियरमध्ये घरी जात असे, तरीही १९० ची मुभा खिशात असावी असं वाटलं. त्याखाली 'ट्रेडवेअर ४२०, ट्रॅक्शन बी' होतं. ही अमेरिकी सरकारची पद्धत. एका प्रमाण टायरची झीज १०० धरायची आणि बाकीच्यांचे आकडे त्या हिशेबानं मांडायचे. म्हणजे हा टायर प्रमाण टायरच्या जवळजवळ सव्वाचारपट टिकणार. ४२० हा आकडा बघून माझ्या मनात काहीतरी चुकचुकायला हवं होतं. (फसवणुकीचं ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, पण नव्या आकड्याला तो दरारा नाही.) चुकचुकलं काहीच नाही. मी हिशेब केला, इतके टिकले तर गाडी विकेपर्यंत टायरच्या दुकानाचं तोंड बघायला नको.

राहिलं ते ट्रॅक्शन. ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावर टायर किती पकड घेतो, याची ती श्रेणी. एए, ए, बी, सी अशी उतरत जाते. मला त्या वेळी एवढं कळलं नव्हतं. बी म्हणजे बरा असावा, असं मी धरून चाललो.

माझा रोजचा रस्ता भांडुपवरून. भांडुपला १९५८ पासून सिएटचा कारखाना आहे, सिएट टायर रोड नावाचा रस्ताच आहे. आपल्या दारात साठ वर्षं टायर बनत असताना मी समुद्रापलीकडचे टायर लावून त्या नाक्यावरून रोज छाती काढून जात होतो.

एप्रिल-मे मी गाजवले, हे कबूल करावंच लागेल. कोरड्या डांबरावर टायर उत्तम चिकटत होते. ब्रेक दाबला की गाडी थांबायची, वळवली की वळायची. साठच्या पुढे गेलं की खालून एक घूं आवाज यायचा, त्यावर मी एफएम मोठा करण्याचा उपाय शोधला. मरोळच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर मी टायर या विषयाचा अधिकारी झालो. "तुम्ही नावाचे पैसे देता," मी सहकाऱ्यांना सांगायचो. "रबर शेवटी रबर." कोरड्या रस्त्यावर खाचा नसलेला टायरही उत्तम पकड घेतो, शर्यतीच्या गाड्यांना कोरड्यात सपाट टायरच लावतात, हे मला ठाऊक नव्हतं. कोरड्यात पास होणं ही टायरची परीक्षाच नव्हे. माझे टायर बिनविरोध निवडून आले होते.

मग जून आला.

त्या दिवशी घाटकोपरहून सासऱ्यांना घेऊन मी मुलुंडला निघालो होतो. पहिलाच पाऊस, तोही रिपरिप. जाणत्या चालकांना मुसळधारेपेक्षा ही रिपरिप भीती घालते. आठ महिने रस्त्यावर साठलेलं तेल, धूळ आणि टायरचा चुरा धुऊन जायला ती पुरत नाही, भिजवून बुळबुळीत करायला मात्र पुरते. एलबीएस मार्गावर श्रेयस टॉकीजच्या सिग्नलला पुढची रिक्षा थांबली. मी फार तर तीसच्या वेगात होतो. ब्रेक दाबला. चाकं थांबली. गाडी थांबली नाही.

आमच्या मॉडेलला एबीएस नव्हतं. वरच्या मॉडेलला मिळत होतं, पण तिथेही मी पैसे वाचवले होते. त्यात चाकं नेमकी झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आली. हा रंग ओला झाला की त्याच्यावर आधीच पकड कमी मिळते, आणि माझं टणक रबर तर त्यावर निवांत सरकत निघालं. वेळ मिळाला, खूप वेळ मिळाला. मी हॉर्न वाजवला, देवाचं नाव घेतलं, ब्रेक आणखी दाबला. शेजारी सासऱ्यांनीही त्यांच्या बाजूचा नसलेला ब्रेक जोरात दाबला. शेवटी रिक्षाच्या मागच्या बंपरला अलगद टेकून आम्ही स्थिर झालो.

रिक्षावाला उतरला. भांडेल अशी माझी अपेक्षा होती, तयारीही होती. त्यानं बंपरकडे बघितलंच नाही. तो माझ्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि टायरमध्ये अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. नख रोवलं गेलं नाही.

"साहब, ये रबर नहीं है, पत्थर है."

"नये हैं," मी म्हणालो.

"इसीलिए बोल रहा हूँ. अभी घिसेगा भी नहीं."

सासरे शांतपणे दार उघडून उतरले. "जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही सावकाश या. मी पुढे होतो." आणि ज्या रिक्षाला मी धडक दिली होती त्याच रिक्षात बसून ते मुलुंडला निघून गेले. मी घरी पोचलो तेव्हा त्यांचा दुसरा चहा चालू होता आणि बायकोला सगळी हकीकत कळलेली होती.

"अहो, साडेतीन हजार वाचले म्हणालात ना?" एवढंच ती म्हणाली.

अब्रू वाचवण्यासाठी मी सोसायटीत एक शास्त्रीय शब्द सोडून दिला. "अ‍ॅक्वाप्लेनिंग झालं," मी म्हणालो. "पाण्याचा थर आला टायरखाली. कुणाचीही गाडी घसरली असती." लोकांनी माना डोलावल्या. पण वरच्या मजल्यावरचे काका विमानांच्या देखभालीच्या कामातून निवृत्त झालेले आहेत, हे मी विसरलो. त्यांनी खिशातून पेन काढलं. नासानं १९६३ साली छापलेलं एक सूत्र आहे, म्हणाले, विमानांच्या टायरवरून काढलेलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढायचं, त्याला १०.३५ नं गुणायचं, की टायर कुठल्या वेगाला पाण्यावर तरंगू लागेल तो ताशी मैलांत मिळतो. "तुझ्या गाडीत हवा किती?"

"तीस."

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली. "ताशी ९० किलोमीटरच्या आसपास. तेही खाचांच्या वर जाईल एवढं पाणी साचलेलं असेल तर. तू श्रेयसच्या सिग्नलला नव्वदनं होतास?"

श्रेयसच्या सिग्नलला नव्वद गाठणं रुग्णवाहिकेलाही जमलेलं नाही. माझ्या टायरखाली पाण्याचा थर वगैरे नव्हता, जेमतेम ओल होती. काका मग टॉर्च घेऊन खाली आले आणि गाडीखाली वाकले. टायरच्या आतल्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे होते. ४६१५. "२०१५ चा शेहेचाळिसावा आठवडा," काका म्हणाले. "म्हणजे नोव्हेंबर. साडेतीन वर्षं कुठल्यातरी गोदामात पडून वाळलाय हा. तू घेतलास तेव्हा याला काळं पॉलिश होतं का?"

होतं. फार छान चमकत होतं. त्यावर मी दुकानदाराचं कौतुकही केलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग बदलून का नाही टाकले? इथेच ४२० चा खरा गुण कळतो. टायर झिजला तर बदलता येतो. हे झिजेनात. जे रबर रस्त्याला धरत नाही, त्याला रस्ताही झिजवत नाही. खाचा जशाच्या तशा खोल, आणि खाचा खोल असलेला टायर टाकून द्यायचा म्हणजे मुलुंडमध्ये पाप. मी ते झिजावेत म्हणून मनापासून प्रयत्न केले. बोरिवलीला मावशीकडे जायचं तर लोकल सोडून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं गाडी काढायचो. कोरड्या दिवसांत करकचून ब्रेक दाबून पाहायचो. मागचे लोक शिव्या द्यायचे, टायरवर परिणाम शून्य.

पावसाळ्यात मात्र मी साधुपुरुष झालो. 'पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा' असं सगळे सांगतात. उपनगरात अंतर ठेवलं की त्यात एक रिक्षा येते. तिच्यापासून अंतर ठेवलं की दोन स्कूटर येतात. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला अंतर ठेवत ठेवत मी हळूहळू पवईकडे मागे जातोय असं मला वाटायचं. मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा आल्या की श्वास रोखायचा, पेव्हर ब्लॉक आले की स्टिअरिंगला हात न लावल्यागत लावायचा. मला निर्धास्त वाटायचं ते एकट्या अंधेरी सबवेत. तिथे पाणी भरलं की कुणाचाच टायर कामाचा नसतो. जर्मन गाडीवाला आणि मी, दोघेही एकाच कठड्यापाशी उभे राहून पंपाची वाट बघतो.

मग २०२० आलं. जूनमध्ये केंद्र सरकारनं टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, परवान्याशिवाय आणायची नाही. बातमी वाचून मला उगाच आशा वाटली. पण देशात यायला बंदी होती, माझ्या गाडीवर राहायला नव्हती. टाळेबंदीत गाडी इमारतीखाली उभी राहिली आणि टायरना आणखी काही महिन्यांची विश्रांती मिळाली. बाहेर आले ते जास्तच कडक होऊन.

२०२२ च्या जूनमध्ये आणखी एक नियम निघाला. टायरची ओल्या रस्त्यावरची पकड, रस्त्यावर लोळतानाचा विरोध आणि आवाज, या तिन्हींना किमान दर्जा ठरवला गेला. ओल्या पकडीची अखेर सरकारदरबारी नोंद झाली. त्याच सुमारास माझ्या टायरच्या कडांना भेगा पडल्या, आणि भेगा पडलेला टायर टाकायला मुलुंडमध्येही परवानगी आहे. मी दुकानात गेलो. दुकान वेगळं, तोरा वेगळा.

"ओल्यात पकड कशी आहे याची?" मी विचारलं.

दुकानदार गोंधळला. "साहेब, मायलेज विचारा. पन्नास हजार कुठे नाही गेला."

"ते नको. थांबतो का सांगा."

"थांबायला ब्रेक असतो ना साहेब," तो म्हणाला. मी लंबगोलातला आठवडा वाचला, पॉलिश रुमालानं पुसलं, नख रोवून पाहिलं आणि भारतीय टायर घेतले. साडेतीन हजार वाचले होते, त्याहून जास्त मोजले. पहिल्या पावसात श्रेयसच्या सिग्नलला गाडी पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. सासरे तेव्हा गाडीत नव्हते. अजूनही ते रिक्षानंच येतात.

जुने टायर दुकानदारानं ठेवून घेतले. खाचांत बोट घालून तो खूश झाला. "साहेब, भरपूर माल आहे अजून, लगेच जातील." तेव्हा सीएसटी रोडला किंवा आणखी कुठे कुणी तुम्हाला स्वस्तात 'जवळजवळ नवे' टायर दाखवले, तर गाडीखाली वाका, टॉर्च मारा आणि आतल्या कडेचे चार आकडे वाचा. ४६१५ दिसलं तर घेऊ नका. आणि ते आधीच कुणीतरी घेतले असतील, तर पावसाच्या पहिल्या आठवड्यात श्रेयसच्या सिग्नलला पट्ट्यांच्या पुढे थोडं दूरच उभे राहा.