घट्ट पिळून

ग्रीक स्वयंपाकात दयामाया नाही, हे झुकिनी किसून मीठ लावलं की कळतं. कोलोकिथोकेफ्तेदेस, म्हणजे त्यांची झुकिनीची भजी, करायची तर मीठ लावलेला कीस अर्धा तास चाळणीत निथळत ठेवायचा आणि मग पिळायचा. हातानं पिळून वाटीत पाणी साचलं की आपल्याला वाटतं, झालं. मग तोच गोळा पंचात बांधून पिळायचा, की पुन्हा तेवढंच पाणी! भाजी होती की नळ, असा प्रश्न पडतो.

आमच्याकडे या पिळण्याला तात्त्विक विरोध आहे. पीठ सैल झालं तर मूठभर बेसन घालावं. त्यासाठी मनगटं मोडून घेऊ नयेत, असं सासूबाईंचं मत. ग्रीक बाई मात्र चार चमचे मैदा आणि एक अंडं एवढ्यावर भागवते. पीठच खायचं तर झुकिनीला कशाला छळलं, असा तिचा रोकडा हिशेब. ‘निदान ते पाणी टाकू नकोस,’ म्हणत सासूबाईंनी ते कणकेत घातलं. त्या दिवशी पोळ्यांबरोबर लोणचं कुणी मागितलं नाही.

मग त्यात फेटा चीज कुस्करायचं. मेंढीच्या दुधाचं, फार तर तीस टक्क्यांपर्यंत बकरीचं, खारवणीत मुरवलेलं. 2002 मध्ये युरोपीय संघानं हे नाव फक्त ग्रीसला राखून दिलं. जर्मनी आणि डेन्मार्क त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि 2005 मध्ये हरले. मॉलमध्ये डबीवरची किंमत वाचताना आपणही त्याच खटल्यात हरल्यासारखं वाटतं. पनीर घालून बघा म्हणणारे भेटतात. घालावं, पण मग ग्रीसचं नाव घेऊ नये.

शिवाय कांद्याची पात, पुदिना आणि शेपू. होय, शेपू! घरात शेपूची भाजी शिजणार असली की आमच्या ह्यांना हमखास ऑफिसात उशीर होतो. तेच हे, त्याच शेपूची भजी उलथण्यावरूनच उचलत होते. ही भजी थापून बोटभर तेलात तळायची आणि कड तांबूस होईपर्यंत हात लावायचा नाही. घाई केली की खालची बाजू तव्याला आणि वरची आपल्याला. सोबत त्झात्झिकी: चक्का, लसूण, ऑलिव्ह तेल आणि किसलेली काकडी. तीही पिळून, हे सांगायला नकोच.

सांतोरिनी बेटावरची माणसं खरी नशीबवान. त्यांची भजी टोमॅटोची, आणि टोमॅटो असे की त्यांना पाणी घालतच नाहीत. पाऊस बेताचा, जमीन ज्वालामुखीच्या राखेची आणि प्यूमिसची. ते सच्छिद्र दगड हवेतला दमटपणा धरून ठेवतात, त्यावर रोपं तगतात. टोमॅटो लिंबाहून लहान, जाड सालीचे, चवीला कडक. म्हणजे पिळायचं काम ज्वालामुखीनं साडेतीन हजार वर्षांपूर्वीच उरकून ठेवलेलं.

आमच्या भाजीवाल्याला मी विचारलं, ‘पाणी न घालता वाढवलेले टोमॅटो आहेत का?’

त्यानं टोमॅटोवर पाणी शिंपडणं क्षणभर थांबवलं. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘तुम्ही सुकट घ्या.’