उस्तादांचा ओव्हन

भोसरी असो, अंबड असो की वाळूज. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये एक उस्ताद असतातच. शर्टाला ठिणग्यांनी इतकी भोकं पाडलेली, की उरलेलं कापड कशाच्या भरवशावर अंगावर आहे, असा प्रश्न पडावा. नव्या पोराचं काम ते वाकून बघत नाहीत. पाठमोरे उभे राहून चहा पितात आणि मध्येच म्हणतात, "आर्क लांबला." तो लांबलेला असतोच. रॉडचं टोक आणि पत्रा यांत साधारण रॉडच्या जाडीइतकंच अंतर हवं, म्हणजे 3.15 चा रॉड असेल तर तीनेक मिलिमीटर. ते वाढलं की आवाज फाटतो. गवय्याचा षड्ज घसरावा तसा तो उस्तादांना बोचतो.

आयटीआयचा दाखला घेऊन आलेलं पोरगं पहिल्याच दिवशी होल्डर मागतं. उस्ताद वायर ब्रश देतात. आठवडाभर गंज, तेल, जुना रंग घासून पोरगं कुरकुरतं, "काका, मी वेल्डर आहे."

"असशील. पण आंघोळ न करता अत्तर फासलं, तर दुपारी काय होतं?"

पण उस्तादांचा जीव अडकलेला असतो तो रॉडच्या ओव्हनमध्ये. 7018 चा रॉड म्हणजे नाजूक प्रकृतीचा जावई. हवेतली ओल त्याचं कोटिंग शोषून घेतं, ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो आणि आज देखणा दिसलेला जोड उद्या आतून तडकू शकतो. म्हणून रॉड साडेतीनशे अंशांच्या आसपास भाजायचे आणि लागतील तेवढेच बाहेर काढायचे. एकदा एका पोरानं त्याच ओव्हनमध्ये जेवणाचा डबा गरम करायला ठेवला. उस्तादांनी झाकण उघडलं, तर समोर वरणाची वाफ! सगळे रॉड पुन्हा भाजायला गेले, आणि 'वरणभात' हे नाव त्या पोराला जे चिकटलं, ते चिपिंग हॅमरनंही निघालं नाही.

बॉयलरच्या जोडाला हात लावायचा, तर 1950 च्या बॉयलर नियमांप्रमाणे वेल्डरला परीक्षा द्यावी लागते. उस्तादांची परीक्षा त्याआधीची. 45 अंशांत तिरका पाइप पक्का बांधलेला. तो फिरवायचा नाही, पोरानंच त्याच्याभोवती फिरायचं. नंतर तुकडा कापून वाकवतात. चीर दिसली की उस्ताद काही बोलत नाहीत, फक्त नवा पाइप बांधतात.

टाकी झाली की जोडाला बाहेरून चुना आणि आतून रॉकेल. बारीक भोक असलं, तरी रॉकेल झिरपून पांढऱ्या चुन्यावर डाग उमटतो. तोवर उस्ताद बाळंतिणीच्या खोलीबाहेरच्या बापासारखे येरझारा घालतात. डाग उमटला, तर ग्राइंडर घेऊन जोड खोदायचा आणि पुन्हा भरायचा. 'वरणभाता'नं एकदा वरून लांबी फासून बघितली. त्या दिवशी मात्र उस्ताद बोलले. काय बोलले, ते छापता येणार नाही.

अशा माणसाला घराचं गेट करायला बोलवू नका. बिजागरी लागेपर्यंत वास्तुशांतीचा मुहूर्त टळलेला असेल.