ही बाटली आता कोण घेणार?

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात मध्यंतरी 'टाकाऊतून टिकाऊ'चं एक दिवसाचं प्रदर्शन होतं. विक्रीचे पैसे निराधार मुलांसाठी राबणाऱ्या एका संस्थेला जाणार होते. हेतू सोन्यासारखा. पण फाटकावरच नवाकोरा फ्लेक्स आणि त्यावर प्रमुख पाहुण्यांचा फोटो. आत गेलं की समोर थर्माकोल कापून केलेली अक्षरं: 'पर्यावरण वाचवा'. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आपल्या राज्यानं तर २०१८ मध्येच बडगा उगारला होता. मग हे थर्माकोल मुलांच्या हातात दिलं कुणी? मला राग आला आणि तो मी तिथंच बोलून दाखवला.

मुलांनी मात्र जीव ओतला होता. सीडीचे मोर, टायरच्या कुंड्या, आणि टेबलभर पाण्याच्या बाटल्या: सोनेरी रंगाच्या, मणी चिकटवलेल्या, चमकी भुरभुरलेल्या. दुपारी आवारातला कचरा वेचणाऱ्या एक मावशी दारात घुटमळत होत्या. "या की आत," म्हटलं. आल्या. त्यांनी एक बाटली उचलली, नखानं रंग खरवडून बघितला आणि म्हणाल्या, "ताई, ही बाटली आता कोण घेणार? कोरी असती तर किलोवर गेली असती. ह्यो रंग, ह्यो गोंद... भंगारवाला हात लावायचा न्हाय."

अख्ख्या प्रदर्शनात एवढं नेमकं कुणीच बोललं नाही. पाण्याची रिकामी बाटली टाकाऊ नसतेच, ती विकाऊ असते. ती भंगारात जाते, धुतली जाते, तिचे तुकडे होतात, त्यातून धागा निघतो. तिच्यावर ऑइल पेंट, चमकी आणि गोंद चढला की ती वाट बंद. चार दिवस शोकेसमध्ये मिरवून ती थेट कचरा डेपोवर. म्हणजे आपण टाकाऊचं टिकाऊ केलं नाही, विकाऊचं टाकाऊ केलं.

म्हणून माझं संयोजकांना स्पष्ट सांगणं आहे. प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी कचरा वेचणाऱ्या बायकांना महाविद्यालयात बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या आणि विचारा, 'मावशी, कुठली वस्तू कुणीच घेत नाही?' त्या सांगतील: वेफर्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, झिजलेल्या चपला, चिंध्या, गेल्या निवडणुकीतले फ्लेक्स. कलाकारांनी हात घालावा तो इथं. पुण्यात १९९३ मध्ये या कष्टकऱ्यांची संघटना उभी राहिली, तिचं नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. कशाला भाव आहे आणि कशाला नाही, हे या माणसांइतकं कुठल्या वर्गात शिकवतात? उद्घाटनाची फीत त्यांच्याच हातून कापून घ्या. फीत तरी कशाला, जुन्या साडीचा काठ बांधा.

आणि वस्तू जपून पुन्हा वापरण्याची ही रीत आपल्याला बाहेरून आणायची नाही. सांगलीच्या गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, गाजावाजा न करता बसणारा चोर गणपती कागदाच्या लगद्याचा आहे. त्याचं विसर्जन होत नाही, मूर्ती जपून ठेवतात आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा बसवतात. आपल्या घराघरातली वाकळ घ्या. विटलेली लुगडी, धोतरं, पोरांचे सदरे एकावर एक अंथरायचे आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत आत यायचं. माझ्या आजीच्या वाकळेत आजोबांच्या सदऱ्याचा खिसा तसाच शिवलेला होता. थंडीत आम्ही पोरं झोपताना त्या खिशात हात घालायचो. त्या वाकळेनं तीन पिढ्या उबेत ठेवल्या.

साताऱ्याच्या प्रदर्शनानंतर महिन्याभरानं सांगलीत असंच एक प्रदर्शन बघितलं आणि मन निवलं. मुलांनी फ्लेक्स छापलाच नव्हता. वर्गातला फळा बाहेर काढून खडूनं नाव लिहिलं होतं. दालनाचे आडपडदे मार्केट यार्डातून दोन दिवसांसाठी मागून आणलेल्या हळदीच्या पोत्यांचे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा खरा शिक्का त्या पोत्यांच्या विणीत होता. पडदा बाजूला सारला की बोटं पिवळी व्हायची. दालनात पाऊल टाकताच तो उग्र, मातकट वास.

एका कोपऱ्यात नुसती एक खातेवही ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा एका मुलाच्या वडिलांच्या दुकानात भिजलेली. पानं फुगून एकमेकांना चिकटलेली, उधारीची नावं फुटलेल्या शाईत बुडालेली, कडेला गाळाची तपकिरी रेघ. तिला ना रंग लावला होता ना चौकट. तिच्यावर किमतीची चिठ्ठी नव्हती. माणसं बोलत बोलत यायची आणि तिच्यापाशी आली की गप्प व्हायची.

विक्रीच्या टेबलावर संस्थेचं पावतीपुस्तक होतं. जो पैसे देईल त्याला लगेच पावती. जमाखर्च शेजारच्या फळ्यावर, दर तासाला पुसून नव्यानं लिहिलेला. शाल-श्रीफळ नाही, पुष्पगुच्छ नाही. साताऱ्यात फ्लेक्स, मांडव आणि सत्कार यांवरच इतका खर्च झाला होता की संस्थेच्या हाती त्याहून कमी पडलं. त्या निराधार मुलांच्या तोंडचा घास आपण हारांवर उधळला, हे मी आजही विसरू शकत नाही.

सांगलीतल्या पोरांनी संध्याकाळी पोती झटकून घड्या घातल्या, मोजली आणि टेम्पोत चढवली. फरशीवर राहिलेली हळद एका मुलीनं पुठ्ठ्यावर गोळा केली. "ही कुठं टाकायची?" तिनं विचारलं. दुसरी म्हणाली, "टाकायची कशाला? आण इकडं, उद्याच्या फलकाला रंग झाला."