मुलाखत डब्यात होईल

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी निबंध लिहावा लागतो, मग कॉलेजने बोलावलंच तर मुलाखत द्यावी लागते आणि त्यानंतर ई-मेलची वाट बघत महिने काढावे लागतात. आपल्याकडे तसली भानगड नाही. नीटची एकच परीक्षा: 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. ‘तुला डॉक्टर का व्हायचंय?’ हे सरकार कुणालाच विचारत नाही. पुण्याच्या एएफएमसीत तेवढी मुलाखत अजून होते, पण लष्कराचं सगळंच वेगळं. सेवाग्रामच्या कॉलेजात नीट येण्याआधी गांधीविचारांचाही पेपर असायचा. फिजिक्सला घाबरणाऱ्या किती मुलांना सत्य आणि अहिंसेने तारलं असेल कोण जाणे. एरवी बावीस लाख मुलांतून डॉक्टर निवडायचे, तर एकेकाशी गप्पा मारत बसायला वेळ कुणाकडे आहे?

डोंबिवलीकरांकडे आहे. 2025 साली माझी भाची नीटला बसली आणि नुकताच निवृत्त झालेला असल्यामुळे मला घरात ‘मोकळा माणूस’ हा हुद्दा मिळाला. सेंटर, दाखले, झेरॉक्स, देवदर्शन, जिथे म्हणून जायचं तिथे भाचीबरोबर मामा. त्या अनुभवावरून सांगतो, मुलाखत होते. डोंबिवली ते ठाणे एवढ्या अंतरात होते. पॅनेलवर डबाभर माणसं असतात आणि उमेदवाराला उभं राहून उत्तरं द्यावी लागतात.

परीक्षा 4 मेची, रविवारी. सेंटर ठाण्याला, घोडबंदर रोडकडे. मध्य रेल्वेचा रविवार म्हणजे मेगाब्लॉकचा वार. त्या दिवशी ब्लॉक आहे की नाही, हे पाहण्याची तसदी न घेता भाऊजींनी वेळापत्रक आखलं. गेट दीडला बंद होणार म्हणून आम्ही दूधवाल्याबरोबरच घराबाहेर पडलो. नियम असे की कपडे अर्ध्या बाह्यांचे, पायात बूट नाहीत तर चपला, अंगावर दागिना नाही, केसांत चाप नाही, पेनसुद्धा तिथेच मिळणार. गाडीत शेजारच्या बाईंनी भाचीचे मोकळे कान, रिकामे हात आणि उतरलेला चेहरा पाहिला आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “घरात काही झालंय का हो?”

“नीट आहे,” मी म्हणालो.

“असू दे, होईल सगळं नीट,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी भाचीच्या पाठीवरून हात फिरवला.

सेंटरबाहेर मे महिन्याच्या उन्हात आयांच्या मुठीत मुलींची कानातली होती आणि बापांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. मुलं आत तीन तास पेपर लिहीत होती. बाहेर बाप लोकांनी तेवढ्या वेळात देशातल्या सगळ्या मेडिकल जागांचं वाटप करून टाकलं.

निकाल 14 जूनला लागला आणि मुलाखतीच्या पुढच्या फेऱ्या सुरू झाल्या. निवृत्त झालो तरी माझा डबा सुटला नव्हता. आमच्या डब्यातले खिडकीजवळचे काका हे पॅनेलचे अध्यक्ष. ते रोज डोंबिवलीहून आधी उलटे कल्याणला जातात आणि तिथे खिडकी पकडून परत डोंबिवलीवरून मुंबईला जातात. याला आमच्याकडे रिटर्न म्हणतात. जो माणूस खिडकीसाठी रोज सकाळी उलटा प्रवास करतो, त्याच्या मताला वजन असणारच. काकांचा पहिला प्रश्न मार्कांचा नव्हता. “एसएमएल किती?” म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक. मग कॅटेगरी. मग रिपीटर की फ्रेश. अमक्याच्या मुलीला सीट मिळाली असं कुणी म्हणालं, की काका डोळे मिचकावून विचारायचे, “मॅनेजमेंट कोट्यातून का?”

काकांकडे 2024चे कटऑफ तोंडपाठ होते. अडचण एवढीच, की 2024 साली कोर्टकचेऱ्या आणि फेरनिकाल होऊनसुद्धा 720 पैकी 720 मिळवणारे सतरा जण उरले होते आणि 2025 साली फिजिक्सच्या पेपरने अशी काही कत्तल केली की देशात पहिल्या आलेल्यालाच 686 होते. जुने आकडे एका रात्रीत रद्दीत गेले. काकांनी त्यावरही तोड काढली. “मागच्या वर्षीच्यातून सरळ शंभर वजा करायचे. शंभर जमत नसतील तर सव्वाशे.”

सेंट्रल लाइनवरची मेडिकल कॉलेजं मार्कांच्या उतरत्या क्रमाने लावलेली आहेत, हा सिद्धांतही त्यांचाच. परळला केईएम. ते मिळालं तर पेढे. थोडे कमी पडले तर शीव. आणखी घसरलात तर खाडी ओलांडून कळवा. त्याहून घसरलात तर कल्याणच्याही पुढे अंबरनाथ, तिथे 2024 पासून सरकारी कॉलेज निघालंय. अंबरनाथही हुकलं तर लोकलचा प्रश्न संपला. कल्याणला विदर्भ एक्सप्रेस धरायची आणि मार्क जिथे खाली उतरवतील तिथे उतरायचं. जळगाव, अकोला, थेट गोंदिया. गडचिरोली मिळालं तर वडशापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. या सिद्धांतात नागपूर कुठे बसतं, असं विचारून एका नागपूरकराने पंचाईत केली. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण तो चौथ्या सीटवर होता, त्यामुळे त्याचा आवाज खिडकीपर्यंत पोचला नाही.

मग दाखले. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला काढायला आम्ही कल्याणला गेलो. रेल्वे 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि कल्याणला पोचायला तिला 1854चा मे उजाडला. त्यामुळे ठाणे-कल्याण टप्प्यावर कुणाला उशीर झाला तर मी रागावत नाही, पद्धतच जुनी आहे. दाखल्याच्या खिडकीवर भाची दहा वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागितला. शाळेचे दाखले दिले, रेशनकार्ड दिलं. ताईने वैतागून लसीकरणाचं कार्डही पुढे सरकवलं. माझ्या मते डोंबिवलीकर कुठे राहतो याचा खरा पुरावा रेल्वेच देऊ शकेल, कारण घरापेक्षा तो गाडीतच जास्त सापडतो. तिथेही मुलाखत चुकली नाही. रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी मागे वळून भाचीला नखशिखांत न्याहाळलं. “डॉक्टर? रक्त बघवतं का?”

रांग मोठी होती, म्हणून मी भाचीला आनंदीबाईंची गोष्ट सांगितली. मेडिकलच्या प्रवेशाचा विषय निघाला की कल्याणकराला तो हक्क आपोआप मिळतो. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, जन्म 31 मार्च 1865चा. नवरा गोपाळराव पोस्टात. बायकोला शिकवायचं या ध्यासाने त्याने कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. मिशनऱ्याने मदत तर केली नाहीच, वर तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. आता पुढचं नीट ऐका. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. वेळ जात नव्हता म्हणून समोरचं मासिक चाळलं, त्यात ते पत्र वाचलं आणि घरी जाऊन आनंदीबाईंना लिहायला बसल्या. डेंटिस्ट त्या दिवशी वेळेवर असता तर कल्याणच्या पहिल्या मेडिकल अ‍ॅडमिशनचं काय झालं असतं, याचा विचारच करवत नाही. वाट बघून काही मिळत नाही असं म्हणणाऱ्यांनी तरी हे ध्यानात ठेवावं.

पुढे 1883 साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई कोलकात्याहून बोटीने निघाल्या. अमेरिकेत पोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. डीन होत्या रेचल बॉडली. त्यांनी घेतलं. 11 मार्च 1886ला पदवी मिळाली. पुढची हकीकत दुःखाची आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे.

“एका पत्रावर घेतलं?” भाचीने विचारलं.

“एका पत्रावर.”

“आणि डोमिसाइल?”

मी गप्प बसलो. अधिवास आणि राष्ट्रीयत्व या दोन्ही कलमांखाली आनंदीबाईंचा अर्ज आमच्या खिडकीवर पहिल्या दिवशीच परत आला असता.

वैद्यकीय पात्रतेचा दाखला घ्यायला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यासाठी ती ठणठणीत असल्याचं डॉक्टरने लिहून द्यायचं होतं. त्यांनी तिची नाडी बघितली, डोळे बघितले, वजन केलं. मग पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिले. “खरंच व्हायचंय?” आत्तापर्यंतच्या मुलाखतींत हा एकच प्रश्न मला गंभीर वाटला. भाची हो म्हणाली. डॉक्टरांनी सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, “माझा मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे.”

कळव्याला आम्ही कॉलेज बघायला गेलो, ते मुलीला स्थळ बघायला जावं तसे. ताईने साडी बदलली होती. राजीव गांधी मेडिकल कॉलेज 1992 सालचं, ठाणे महापालिकेचं, शेजारी छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. घाईघाईत आम्ही फास्ट गाडीत चढलो आणि बहुतेक फास्ट गाड्या कळव्याला थांबत नाहीत. त्यांना कळवा आणि मुंब्रा दिसतसुद्धा नाही. ठाण्याला उतरून एक स्टेशन मागे आलो. भाऊजींना हा अपशकुन वाटला. काकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ते म्हणाले, “बघा, मी सांगत होतो, कळवा थोडक्यात हुकणार.” रुग्णालयाच्या दारात पेशंटांची एवढी गर्दी होती की आम्हाला कुणी विचारलंही नाही, कोण तुम्ही आणि कशासाठी आलात. ताईला ते आवडलं. तिच्या मते जिथे पेशंट भरपूर, तिथलं शिक्षण चांगलं. डॉक्टरांकडून मीही हेच ऐकलंय. फक्त ते ताईसारखे पेशंट मोजत दारात उभे राहत नाहीत.

चॉइस फिलिंग झालं. डीम्ड कॉलेजच्या फीचा आकडा ऐकून भाऊजींनी पंखा पाचवर केला आणि ती पानं यादीतून गेली. मग वाट बघणं. राज्याच्या सीईटी सेलचं ऑफिस फोर्टात न्यू एक्सलसियर सिनेमाच्या इमारतीत आठव्या मजल्यावर आहे. पत्ता ऐकून घरी सगळ्यांना फार समाधान वाटलं, कारण तोपर्यंत आमच्या घरातलं वातावरण रहस्यपटाचंच झालं होतं. ताई टिटवाळ्याच्या महागणपतीला जाऊन आली. तो लग्नं जुळवण्यासाठी प्रसिद्ध आहे. “अर्ज दिलाय, तो पुढच्या खात्याला पाठवेल,” ती म्हणाली. खबरदारी म्हणून अंबरनाथच्या शिवमंदिरालाही नारळ बोलली. ते शके 982 मधलं, म्हणजे 1060 सालचं देऊळ. एवढ्या वर्षांत त्याने नाना प्रकारचे अर्ज पाहिले असणार.

पहिली यादी पीडीएफमध्ये आली. शेकडो पानं. नाव टाकून शोधलं, क्रमांक टाकून शोधलं, मग भाऊजींनी ‘मशीनचा काय भरवसा’ म्हणत बोटाने ओळीओळीने शोधलं. नव्हतं. त्यानंतरचे दिवस वाईट होते आणि त्यात गमतीचं काही नव्हतं, एवढं सोडून की सोसायटीतल्या एका आजींनी गोंदियाला थंडी फार म्हणून तिच्यासाठी लोकरीची टोपी विणायला घेतली. भाची खोलीचं दार लावून बसायची. तिला डब्यात नेणं मी बंद केलं. काका रोज विचारायचे आणि मी रोज खिडकीबाहेर बघून “दुसऱ्या राउंडला होईल” म्हणायचो.

दुसऱ्या यादीत नाव होतं. अंबरनाथ, सरकारी.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी डब्यात चढलो. पॅनेल पूर्ण हजर होतं. काकांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि स्टेशनांचा हिशोब सुरू केला. केईएम नाही, शीव नाही, कळवाही नाही. “चांगलं आहे,” ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. मग एकदम चघळायचे थांबले.

“डोंबिवलीहून अंबरनाथ म्हणजे सकाळी डाऊनला?”

“हो.”

“डाऊनला सकाळी गाडी रिकामी असते.”

“असते.”

“आणि संध्याकाळी परत येताना अप. तीही रिकामी.”

“हो ना.”

“इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं?” काकांचा आवाज बदलला. “दोन्ही वेळा खिडकी?”

डब्यात सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौथ्या सीटवरचा नागपूरकरसुद्धा वाकून पुढे आला. काकांनी दुसरा पेढा उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, “मॅनेजमेंट कोट्यातून का?”