धारपतात्या

धारपतात्यांचा भुतांवर काडीचाही विश्वास नाही, पण भुतांकडून त्यांच्या अपेक्षा फार आहेत. भुतानं कारणाशिवाय येऊ नये. आलंच तर फार बोलू नये. पांढरं लुगडं, मोकळे केस, उलटे पाय हा सरंजाम घरी ठेवून यावं. आणि शेवटपर्यंत दिसू नये. "दिसलं की संपलं बघा. मग ते भूत न्हाई, पाव्हणा," असं ते म्हणतात. या अटींत बसणारी भुतं मराठीत फार थोडी निघाली, आणि जी निघाली ती बहुतेक भयकथाकार नारायण धारपांकडंच कामाला होती, हे तात्यांचं ठाम मत.

त्या मतापायीच हे नाव पडलं. रेशनकार्डावर वेगळं आहे, पण ते रेशन दुकानदार सोडून कुणाला आठवत नाही. वय सत्तरीच्या पुढं. उभी हयात सांगलीजवळच्या माधवनगरातल्या यंत्रमागांवर जॉबर म्हणून गेली. माग बिघडला की जॉबरला हाक जाते. नुसता खडखडाट ऐकून कुठं बिनसलंय ते तात्यांना कळायचं. कादंबरीही ते तशीच वाचतात. "चौथ्या प्रकरणात आवाज बदललाय. तिथं लेखक चहाला गेलावता," असा निकाल ते देतात, आणि चौथं प्रकरण काढून पाहिलं तर तिथं खरोखरच नायकाच्या आत्याचं लग्न निघतं.

भयकथेची दीक्षा त्यांना रोजाच्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीत मिळाली. पुढच्या फळीवर बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, शेजारी गुरुनाथ नाईक, आणि मागच्या फळीवर धारप. एकेक पुस्तक शंभर घरं हिंडायचं. हिंडता हिंडता त्याची शेवटची आठ-दहा पानं गळायची. त्यामुळं तात्यांनी तरुणपणी वाचलेल्या निम्म्या भयकादंबऱ्यांना शेवटच नव्हता. नायक तळघराच्या पायऱ्या उतरतोय, कंदील विझतोय, आणि पुढं एकदम मागचा पुठ्ठा! दुसरा कुणी चडफडला असता. तात्यांनी त्यातून सिद्धान्त काढला. भीती शेवटच्या प्रकरणात मरते, कारण लेखक तिथं समजावून सांगायला बसतो. कुणाचा शाप, कुठला विधी, कितवी पिढी. खुलासा झाला की हातात उरते ती वंशावळ.

पुढं साकेत प्रकाशनानं धारपांच्या कादंबऱ्या नव्यानं छापल्या. कागद पांढरा, बांधणी पक्की, शेवट सहीसलामत. तात्यांनी एक आणली, उलटीपालटी केली, थोडी ओढूनही पाहिली. पानं निघेनात. मग त्यांनी शेवटच्या प्रकरणाला रबर लावून टाकला. त्यांच्या माळ्यावर अशा रबर लावलेल्या कादंबऱ्यांची चळतच आहे. त्यांतल्या कैक त्यांच्या स्वतःच्या नाहीत. पुस्तक परत करणं हा तात्यांचा प्रांत नव्हे. २०१९ च्या महापुरात सांगलीत वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली, तेव्हा तात्यांनी वर्षानुवर्षं दडपून ठेवलेली तेवढी कोरडी राहिली. तेव्हापासून दंडाचा विषय निघाला की ते उलट आभाराची अपेक्षा करतात.

संध्याकाळी माधवनगर स्टेशनच्या फलाटावर, शेवटच्या बाकावर त्यांची बैठक असते. इथं गाड्या मोजक्याच थांबतात, म्हणून बाक रिकामा मिळतो. मंडळी चार. एक तात्या. दुसरा मेडिकल दुकानवाला, हा सगळं इंग्रजीतून वाचतो आणि ते कुणी विसरू नये याची काळजी घेतो. तिसऱ्या मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. चौथा कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी करणारा पोरगा, जो वाचत नाही, कानात बोंडं घालून स्टोरीटेलवर ऐकतो. "सध्या काय चाललंय?" असं इथं कुणी विचारलं तर तब्येत सांगायची नसते, कादंबरी सांगायची असते.

मेडिकलवाला दर पंधरवड्याला तोच बाण सोडतो. "तात्या, तुमची 'लुचाई' म्हणजे स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट'. १९७५ ची. आणि 'शपथ' म्हणजे त्याचीच 'इट'."

"असंल की," तात्या म्हणतात. "भूत काय पासपोर्ट घेऊन हिंडतंय? तिकडं इंग्रजी बोलायचं, धारपांनी मराठी शिकवलं. आणि तुझी ती 'इट' हजार पानांच्या वर हाय म्हणतोस. एवढं भ्यायचं तर माणसाला रजा टाकावी लागंल."

मेडिकलवाल्यानंच त्यांना 'ड्रॅक्युला' सांगितली. १८९७ ची, सगळी रोजनिशा, पत्रं आणि तारांमधून लिहिलेली. सुरुवातीची चार प्रकरणं किल्ल्यात गेली की पुढं तो उमराव क्वचितच समोर येतो, नुसत्या त्याच्या खुणा दिसतात. तात्यांनी हे ऐकून मान डोलावली. "शाणा माणूस. भूत आत ठेवलं, आन् कारभार सगळा लेखी."

बाई मतकरी पक्षाच्या. रत्नाकर मतकरींनी 'गूढकथा' हे नाव रुजवलं, 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम' दिली, आणि त्याच हातानं 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण लिहून पोरांना खदखदून हसवलं. धारपांच्या 'चेटकीण'मध्ये हसायची सोय नाही, हा बाईंचा मुद्दा.

"तात्या, धारपांचं संकट बाहेरून येतं आणि त्यांचे ते नायक, समर्थ, येऊन ते घालवतात. मतकरींचं घरातच असतं. नवऱ्यात, सासूत, आपल्या मनात. ते घालवणार कोण?"

"म्हणून तर मी मतकरी घरात वाचत न्हाई, बाई. हितं येऊन वाचतो."

पोरगा सांगतो, काल रात्रपाळीवरून येताना धारप ऐकत होतो, वाचणाऱ्यानं असा आवाज लावला की सायकल हातात धरून चालत आलो. तात्यांना ते पटत नाही. "दुसऱ्यानं वाचून दावल्यावर भ्यालास, तर ते भ्या त्याचं. तुझं काय त्यात?" आवाजाबद्दल त्यांचं म्हणणं वेगळंच आहे आणि मला ते धारपांइतकंच महत्त्वाचं वाटतं. माधवनगरात दिवसरात्र मागांचा खडखडाट. त्यात जन्मलेल्याला दार करकरलं, कुत्रं रडलं, असल्या गोष्टींची मातब्बरी नाही, त्या ऐकूच येत नाहीत. पण भारनियमनाच्या वर्षांत मध्यरात्री वीज जायची आणि गावातले सगळे माग एका दमात थांबायचे. त्या क्षणी, तात्या म्हणतात, झोपलेली माणसंही उठून बसायची. तान्ही पोरं रडायची. "मराठीत एकानंबी त्यो आवाज लिवला न्हाई. आवाज नसल्याचा."

मात्र एवढी अचूक पारख असलेला माणूस 'तुंबाड' बघायला जातो तेव्हा काय करतो बघा. राही अनिल बर्वेंचा हा सिनेमा २०१८ साली आला. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, आणि त्यातल्या आजीचं मूळ धारपांच्या कथेत, म्हणजे तात्यांच्या दृष्टीनं घरचंच कार्य. कोंडलेल्या म्हातारीपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला. पुढं त्यातला राक्षस हस्तर पडद्यावर आला आणि तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. तात्या खुर्चीत उलटे फिरून, पडद्याकडं पाठ करून बसले. मागच्या रांगेतली दोन पोरं, अंधारात आपल्याकडं टक लावून बघणारा म्हातारा पाहून बाहेर पळाली. २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा लागला तेव्हा मंडळींनी तात्यांना मागं भिंत असलेली रांग काढून दिली.

सांगलीचा अभिमान हा तात्यांचा दुसरा हळवा कोपरा. भयकादंबऱ्या नेहमी कोकणात नाहीतर कुठल्या ओसाड वाड्यात घडतात, आपल्या जिल्ह्यात का नाही, यावर त्यांचा पुष्कळ विचार झाला आहे. कोकणात माड-पोफळी आणि काळोख. इकडं ऊस आणि द्राक्षबागा. बागेत रात्री-अपरात्री औषध फवारायला माणूस उभा. भुतानं यायचं कुठून? पण मूळ मान सांगलीचाच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्या धाटणीच्या नाटकांत राळेचा भपका उडवून, आरोळ्या ठोकत राक्षस यायचा, म्हणून पुढं लोक त्या नाटकांना 'अललडुर्र' म्हणू लागले. "मराठी माणूस तिकीट काढून पयल्यांदा भ्याला त्यो सांगलीत!"

"तो प्रयोग संस्थानिकांपुढं झाला, तात्या. तिकीट नव्हतं," बाई म्हणतात.

"मग फुकट भ्याला. पर सांगलीत भ्याला."

आता मुख्य गोष्ट. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती आमच्या या भागात चांगली रुजलेली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा पुण्यात खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि तेव्हापासून तात्या समितीचा एकही कार्यक्रम चुकवत नाहीत. भुताच्या गोष्टी वाचणारा माणूस तिथं कसा, असं नवख्याला वाटतं. मला वाटत नाही. मी गावात नीट पाहिलं आहे. ज्याचा भुतावर विश्वास आहे तो भयकादंबरी हातात धरत नाही. मागाला लिंबू-मिरची बांधणारे कारखानदार तात्यांना म्हणतात, "ते पुस्तक बाहेर ठिवून आत या." काकी, म्हणजे तात्यांच्या सौभाग्यवती, देवघराच्या खोलीत धारप येऊ देत नाहीत आणि अमावास्येला माळ्याची शिडी काढून ठेवतात. जिला भूत फुकट मिळतं तिनं ते विकत का आणावं? धारप स्वतः विज्ञानाचे पदवीधर, विज्ञानकथाही लिहिणारे. भुतावर विश्वास नसलेल्यानं लिहावं आणि तसल्याच माणसानं वाचावं, असा हा सगळा व्यवहार आहे.

कायद्याला तात्यांचा पाठिंबा आहे, पण एका वाचकाच्या नात्यानं थोडी धास्तीही आहे. नीट अंमल झाला तर धारपांचे निम्मे मांत्रिक दुसऱ्या प्रकरणात आत जातील आणि समर्थांच्या आधी फौजदार पोचेल. कादंबरी चाळीस पानांत खलास.

तर समितीनं एकदा अमावास्येच्या रात्री स्मशानात जायचा कार्यक्रम ठेवला. भाषण झालं, चहा झाला, माणसं घरी गेली. तात्या मागं राहिले. त्यांनी पिशवीतून 'लुचाई' काढली, बॅटरी लावली आणि कट्ट्यावर बसून वाचायला लागले. वाचनाला याहून सोयीची जागा नाही असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात डासांनी फोडून काढलं, भय काही निघालं नाही, तासाभरानं कंटाळून उठले. पण तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्यानं उजेड पाहिला होता.

सकाळी गावात स्मशानात दिवा होता. दुपारी दिव्याजवळ कोणीतरी होतं. संध्याकाळपर्यंत त्याला पांढरं लुगडं नेसवून झालं. तात्या भडकले. अफवेवर नव्हे, तिच्या रचनेवर. "पयल्याच पानावर भूत दावलं! आन् लुगडं? कुणाला काय सुचतंय का न्हाई नवीन?" रात्री मात्र पोरगा नवा मजकूर घेऊन आला. दिसलं काहीच नव्हतं म्हणे, अंधारातून फक्त पान उलटल्याचा आवाज येत होता. तात्या एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "हे कुणी घातलं? त्या माणसाला गाठला पायजे." तो दूधवालाच निघाला. तात्यांनी कौतुकानं त्याला 'ग्रहण' वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी दुधाच्या किटलीबरोबर ती परत आली. घरात असलं ठेवत नाहीत, असा निरोप.

शेवटी समितीच्या मंडळींनी गळ घातली आणि तात्यांना चौकात उभं राहून सांगावं लागलं, की तो मीच होतो, ही बॅटरी, हे पुस्तक. तारीख, वेळ, कारण, सगळं. बाई शेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "तात्या, जन्मात पहिल्यांदा शेवटचं प्रकरण वाचलंत." तात्यांचं तोंड पडलं. लोकांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं, माना डोलावल्या, आणि पांगता पांगता एका म्हातारीनं विचारलं, "तुमी हुतासा ते खरं वो. पर तुमच्या शेजारी बसलंवतं ते कोन?"

समितीचा कार्यकर्ता म्हणून तात्यांनी तिथल्या तिथं ते खोडून काढलं. भयकथेचा वाचक म्हणून ते पुढं आठ दिवस येईल-जाईल त्याला विचारत होते, "शेजारचं कुणाला दिसलं का पर?" कुणालाच दिसलं नव्हतं. "मग बराय," तात्या म्हणायचे.

सध्या त्यांचं 'चेटकीण' चाललंय, कितव्यांदा ते विचारू नये. आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर धारपांची एखादी जुनी, शेवटची पानं गळालेली प्रत पडली असेल तर ती रद्दीत घालू नका. माधवनगर स्टेशनवर संध्याकाळी शेवटच्या बाकावर आणून द्या. परत मिळेल, अशी आशा मात्र धरू नका.