शाकाहारी बाटली

गेल्या एकादशीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पर्यावरणावर व्याख्यान झालं. श्रोत्यांना दोनशे मिलिलिटरच्या पाण्याच्या बाटल्या वाटल्या. (वक्त्यांना दोन.) बाटलीवर हिरवं पान आणि पानाखाली ‘वनस्पतीपासून बनवलेली’ अशी ओळ. माझ्या शेजारी सासरे बसले होते. वय ब्याऐंशी, उपास कडक. त्यांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, मग हातभर लांब धरली आणि मला विचारलं, ‘‘कुठली वनस्पती? मका असेल तर मला चालणार नाही.’’

दीड तासात विचारला गेलेला मुद्द्याचा प्रश्न तेवढाच. वक्त्यांना उत्तर देता आलं नाही. ते ध्रुवीय अस्वलांवर होते. घरी आल्यावर सासऱ्यांनी पुन्हा विचारलं, म्हणून मला अभ्यास करावा लागला. जावयाला पर्याय नसतो.

तर गोष्ट 2009 सालची. जगभरचे पुढारी कोपनहेगनला हवामानाची काळजी करायला जमले, त्याच वर्षी कोका-कोलानं ‘प्लँटबॉटल’ बाजारात आणली. आपली नेहमीची ‘पेट’ नावाच्या प्लास्टिकची बाटली दोन घराण्यांच्या सोयरिकीतून जन्मते. एक ग्लायकॉल, वजनानं तीस टक्के. दुसरं टेरेफ्थॅलिक आम्ल, उरलेलं सत्तर टक्के. दोन्ही घराणी मूळची खनिज तेलाच्या विहिरीवरची. कंपनीनं यातल्या ग्लायकॉलचं कूळ तेवढं बदललं. उसाचा रस किंवा मळी, त्यापासून इथेनॉल, इथेनॉलपासून इथिलीन आणि त्यापासून ग्लायकॉल. यात अद्भुत काही नाही. उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्सचा कारखाना मळीच्या इथेनॉलपासून हे ग्लायकॉल कित्येक वर्षं बनवतो आहे.

म्हणजे हिशेब तीस टक्क्यांचा. तोही ‘तीस टक्क्यांपर्यंत’. ‘पर्यंत’ या शब्दाची किंमत लक्ष्मी रस्त्यावरच्या सेलमध्ये जाऊन आलेल्यांना सांगायला नको. पत्रिकेच्या भाषेत बोलायचं तर छत्तीसपैकी पावणेअकरा गुण. अठराच्या खाली आमच्याकडे पत्रिका न बोलता परत पाठवतात. इथे मात्र वरात निघाली, वाजतगाजत चाळीसेक देशांत फिरली, आणि 2015 पर्यंत पस्तीस अब्ज बाटल्या वाटून झाल्या.

उरलेल्या सत्तर टक्क्यांचं घोडं अडलं ते रसायनशास्त्रात. टेरेफ्थॅलिक आम्लाच्या पोटात बेंझिनचं कडं असतं. तेलातून ते स्वस्तात निघतं, साखरेतून काढायचं तर कारखाना आणि खिसा दोन्ही मोठे लागतात. तरी प्रयत्न झाले. पेप्सीनं 2011 मध्ये गवत, पाइनची साल आणि मक्याची टरफलं यांच्यापासून संपूर्ण वनस्पतिजन्य बाटलीची घोषणा केली. कोका-कोलानं 2015 मध्ये मिलानच्या जागतिक प्रदर्शनात आपली शंभर टक्के बाटली काचेमागे ठेवली. 2021 मध्ये त्यांनी अशा सुमारे नऊशे बाटल्या तयार केल्या. नऊशे! आमच्या भाचीच्या लग्नात पहिल्या दोन पंगतींतच संपल्या असत्या.

आणि ‘शंभर टक्के’ म्हणजे टोपण आणि लेबल सोडून. सोवळं कडक, डोक्यावरची टोपी तेवढी तेलाच्या विहिरीची.

गंमत पुढे आहे. या नऊशे बाटल्यांचं सत्तर टक्क्यांचं घराणं कशापासून केलं होतं? मक्याच्या साखरेपासून. मी हे सासऱ्यांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, ‘‘म्हणजे तीस टक्के होती तेव्हा चालत होती. सुधारली आणि बाद झाली.’’

आता जरा रसभंग करतो. उसापासून केलेलं ग्लायकॉल आणि तेलापासून केलेलं ग्लायकॉल यांत रेणूला रेणू लावून पाहिलं तरी फरक नाही. कंपनी हे अभिमानानं सांगते, आणि ते खरंही आहे: बाटली तीच, म्हणून पुनर्वापराच्या साखळीत ती बिनबोभाट चालते. पण बाटली तीच, म्हणून ती कुजतही नाही. मुठेच्या पात्रात उसाची बाटली आणि तेलाची बाटली शेजारीशेजारी तरंगतात, पुलाच्या खांबाला एकत्र अडकतात, आणि पुढच्या पुराला हातात हात घालून उजनीकडे जातात. कूळ विचारत कोणी बसत नाही. जातपात न मानणारी एवढी एकच संस्था आपल्याकडे उरली आहे, ती म्हणजे नदीतला गाळ.

कुजणारं प्लास्टिक वेगळं. त्याचं नाव पॉलिलॅक्टिक आम्ल. अमेरिकेत ते मक्यापासून करतात, आपल्याकडे साखरेपासून. ऑक्टोबर 2024 मध्ये पुण्याच्या प्राज कंपनीनं त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प जेजुरीला सुरू केला. खंडोबाच्या पायथ्याशी साखरेचं प्लास्टिक! मला हे मनापासून आवडलं, यात उपहास नाही. अडचण इतकीच की हे प्लास्टिक परसातल्या खड्ड्यात विरघळत नाही. त्याला साठ अंशांच्या आसपास तापलेलं कारखान्यातलं खत लागतं. तसं खत आमच्या सोसायटीत नाही. कंपोस्टचा डबा आहे, त्यात कुंडीचे तुकडे आणि गेल्या गणपतीचा थर्मोकोल आहे. शिवाय दिसायला हे प्लास्टिक हुबेहूब पेटसारखं, पण वितळतं बऱ्याच कमी तापमानाला. चुकून पेटच्या ढिगात शिरलं तर तो ढीग खराब करतं. म्हणजे जे कुजतं ते भंगारात नको, आणि जे भंगारात हवं ते कुजत नाही. दोघांच्याही लेबलावर पान मात्र एकाच झाडाचं.

पण माझा जीव खरा अडकला तो उसात. ब्राझीलचा ऊस बहुतेक पावसावर वाढतो. आपला कालव्यावर, विहिरीवर आणि आमदारावर. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा गाडीला ‘जलदूत’ असं गोड नाव दिलं होतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातली ही गोष्ट. उद्या आपल्या उसाची बाटली झाली तर क्रम असा लागेल: आधी उसानं पाणी प्यायचं, मग उसाची बाटली व्हायची, मग त्या बाटलीत पाणी भरायचं, आणि ज्याच्या शिवारातला ऊस त्यानंच ते एसटी स्टँडवर वीस रुपयांना घ्यायचं. मळी हा साखरेचा उरलेला भाग असतो, त्याला का नावं ठेवता, असं कोणी म्हणेल. म्हणोत. मळी उरते, पाणी उरत नाही.

व्याख्यान संपल्यावर गच्चीवर सत्तरेक बाटल्या पडल्या होत्या. निम्म्यांतलं पाणी निम्मंच प्यालेलं. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी एक बाटली उचलून पान बघितलं आणि विचारलं, ‘‘काका, ही बिसलरीतच टाकायची ना?’’ भंगाराच्या भाषेत पेटची प्रत्येक बाटली बिसलरी, आत काहीही असो. मी त्यांना ऊस, मळी, ग्लायकॉल सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘भाव जास्त आहे का हिला?’’ म्हटलं, नाही. ‘‘मग?’’

या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नाही, आणि बाटलीवर संशोधन करणाऱ्यांकडेही नसावं. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत 1993 पासून आहे, आणि त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून दारोदार कचरा गोळा करते. बाटली पुन्हा बाटली होते की नदीत जाते, हे ठरतं त्या ताईंच्या पोत्यात. कुठल्या प्रयोगशाळेत ठरत नाही.

बाटली परत येण्याची युक्ती नवी नाही. गोटी सोड्याची बाटली दुकानाच्या दारातच उभं राहून प्यावी लागे, कारण दुकानदाराचा जीव सोड्यापेक्षा बाटलीत. कोल्ड्रिंकचा लाकडी क्रेट घरी आणायचा तर रिकामा क्रेट आधी न्यावा लागे. 2018 मध्ये महाराष्ट्रानं प्लास्टिकबंदी केली, तेव्हाही पेटच्या बाटलीमागे एक-दोन रुपये अनामत घ्यावी आणि बाटली परत आली की द्यावी, असं अधिसूचनेत लिहिलं होतं. तो रुपया ग्राहकाच्या हातावर पडल्याचं दृश्य फारसं कोणी पाहिलं नाही. जर्मनीत 2003 पासून बाटलीमागे पंचवीस सेंट मिळतात. आमचा भाचा म्युनिकला असतो, दर शनिवारी रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन यंत्रापुढे शिस्तीत रांगेत उभा राहतो. सुट्टीत इथे आला होता तेव्हा सिंहगडावर त्यानं बाटली कड्यावरून खाली भिरकावली. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘मामा, इथे मशीन कुठाय?’’

मोठ्या कंपन्यांचंही आपल्यासारखंच असतं, संकल्प जानेवारीचे. कोका-कोलानं 2018 मध्ये सांगितलं होतं की 2030 पर्यंत विकलेल्या प्रत्येक बाटलीमागे एक बाटली गोळा करू. पुढे असंही जाहीर केलं की चौथा हिस्सा पेय पुन्हा भरता येणाऱ्या भांड्यांतून विकू. डिसेंबर 2024 मध्ये नवे आकडे आले. गोळा करायचं प्रमाण सत्तर ते पंचाहत्तर टक्के, मुदत 2035. पुन्हा भरायच्या भांड्यांचं उद्दिष्ट यादीतून गेलं. उसाची बाटली होती तिथेच आहे, तीस टक्क्यांवर, ‘पर्यंत’सकट.

सासऱ्यांनी पुढच्या एकादशीसाठी घरातला तांब्या घासून ठेवला आहे. तुम्हाला तसं सांगणार नाही, तुम्ही ऐकणारही नाही. एकच करा. बाटली कचऱ्यात देण्याआधी उरलेलं पाणी कुंडीत ओता. ताईंना ते ओझं उगीच तीन मजले वाहावं लागतं, आणि या सगळ्या प्रकरणात वनस्पतीच्या वाट्याला तेवढं तरी येईल.